कंपनी काढली, आता सांभाळायची कोणी?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणे आज कमालीचे सोपे झाले आहे. फेब्रुवारी २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ या एकाच ऑनलाइन अर्जात कंपनीचे नाव, नोंदणी, पॅन, टॅन, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांचे क्रमांक मिळतात. महाराष्ट्रात व्यवसायकराची नोंदणीही त्यातच होते. १ लाख रुपयांचे किमान भागभांडवल लागण्याची अट मे २०१५ मध्येच गेली. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल, तर केंद्राची नोंदणी फी शून्य आहे. राज्याचे मुद्रांक शुल्क आणि सल्लागाराची फी तेवढी उरते. दोन माणसे, एक पत्ता आणि दोघांच्या डिजिटल सह्या जमल्या, की काही दिवसांत नोंदणीचे प्रमाणपत्र ई-मेलवर येते. ते फ्रेममध्ये लावले जाते, व्हिजिटिंग कार्डावर ‘संचालक’ छापले जाते आणि पुष्कळांच्या मनात कंपनीचे काम तिथेच संपते. खरे तर त्या दिवशी एक करार सुरू झालेला असतो. त्या कराराचा आपल्या फायद्याचा अर्धा भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो. आपण काय द्यायचे आहे, हे सांगणारा अर्धा भाग मात्र सल्लागाराच्या कपाटात पडून राहतो. कंपनी कायद्याच्या पालनाचे काम बाहेरच्या कंपनी सेक्रेटरीला देण्यात काहीही गैर नाही. छोट्या कंपनीसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण कामाबरोबर जबाबदारीही दिली गेली असे मानणे ही चूक आहे, आणि महाराष्ट्रातील हजारो छोट्या कंपन्यांना ती महागात पडू शकते.

हा करार काय आहे, ते आधी पाहू. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ असा, की धंदा बुडाला तर भागधारकाचे शेअरमध्ये घातलेले पैसे बुडतील. घर, शेत, बायकोचे दागिने यांना हात लागणार नाही. ही सवलत आकाशातून पडलेली नाही. कोणीतरी तिची किंमत मोजतो. उधारीवर माल देणारा व्यापारी, पगार थकलेला कामगार आणि आगाऊ पैसे भरलेला ग्राहक हे ते लोक. इंग्लंडमध्ये ॲरन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याने स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे असे सात सभासद जमवून कंपनी काढली आणि आपलाच धंदा तिला विकला. ती बुडाली, आणि सामान्य धनकोंच्या हाती काही आले नाही. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की कंपनी आणि सॉलोमन या कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. कंपनीचे कर्ज सॉलोमनच्या डोक्यावर येत नाही. जगभरच्या कंपनी कायद्याचा हा पाया आहे. मुंबईने याचे धडे त्याच्याही आधी घेतले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या पैशावर १८६४-६५ मध्ये शहरात कंपन्यांचे पेव फुटले, बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर चढत गेले, युद्ध संपताच सगळे कोसळले आणि बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली.

मग ज्याचे पैसे बुडू शकतात, त्याला कायदा बदल्यात काय देतो? माहिती देतो. कंपनीचे संचालक कोण, भागधारक कोण, तिने कोणाचे कर्ज घेतले आहे, कोणती मालमत्ता तारण ठेवली आहे, मागच्या वर्षी नफा झाला की तोटा, हे कोणालाही किरकोळ फी भरून कंपनी निबंधकाच्या (आरओसी) नोंदींत पाहता येते. भागीदारी पेढीचा किंवा एकट्याच्या दुकानाचा ताळेबंद असा कोणाला दिसत नाही, कारण तिथे मालकाचे घर जामीन असते. कंपनीत मालकाचे घर जामीन नाही, म्हणून तिचे दप्तर उघडे. ‘आरओसीचे कागद’ म्हणून ज्यांना आपण नाक मुरडतो, ते या देवाणघेवाणीतले आपले देणे आहे. ते सरकारला दिलेले वाटते, पण त्याचा खरा धनी आपल्याला उधारीवर माल देणारा माणूस आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली, की पुढचे नियम जाच वाटण्याऐवजी समजू लागतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यात ४७० कलमे आहेत, पण छोट्या कंपनीचे वर्ष त्यातल्या मोजक्याच कलमांभोवती फिरते. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक घ्यायची आणि त्याच मुदतीत पहिला लेखापरीक्षक नेमायचा. १८० दिवसांत भागधारकांनी शेअरचे पैसे खरोखर भरल्याची घोषणा दाखल करायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा नियम आला तो कागदी भांडवलाच्या पोकळ कंपन्यांना आळा घालण्यासाठी. ती घोषणा विसरली तर कंपनीला ५० हजारांचा दंड आहे, आणि निबंधक कंपनीचे नावच काढून टाकू शकतात. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नाव आणि पत्त्याची पाटी लावायची, आणि ती त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही असली पाहिजे, म्हणजे सांगलीत, जालन्यात किंवा फोंड्यात देवनागरीत. मराठी पाटीच्या वादात हे कलम १२ फारसे कोणी सांगत नाही. त्यानंतर दरवर्षी संचालकांच्या बैठका, हिशेबांचे लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण दाखल करायचे. संचालक, पत्ता, भांडवल किंवा कर्ज यांत बदल झाला तर त्याचा अर्ज वेगळा. मुख्य ते एवढेच. एका वहीच्या पानावर मावेल इतके हे वेळापत्रक आहे.

मावेल इतके असूनही ते चुकते, आणि चुकले की घाव मोठा बसतो. जुलै २०१८ पासून ताळेबंद आणि वार्षिक विवरण उशिरा भरल्यास प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये जादा फी लागते आणि तिला कमाल मर्यादा नाही. दोन अर्जांचे मिळून रोजचे २०० रुपये, म्हणजे वर्षाला ७३ हजार. समजा, एखाद्या कंपनीने सलग तीन वर्षे काहीच भरले नाही आणि तिसऱ्या वर्षाचे अर्ज वर्षभर लांबल्यावर सगळे एकदम भरायला घेतले. पहिल्या वर्षाच्या अर्जांना २ लाख १९ हजार, दुसऱ्याच्या १ लाख ४६ हजार, तिसऱ्याच्या ७३ हजार. एकूण ४ लाख ३८ हजार रुपये. यात दंड धरलेलाच नाही, ही केवळ उशिराची फी. कंपनीने त्या काळात एक रुपयाचाही धंदा केला नसला तरी मीटर चालूच असते. आणि पैशापेक्षा मोठी शिक्षा पुढे आहे. सलग तीन आर्थिक वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरण दाखल झाले नाही, तर कलम १६४ खाली त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ही अपात्रता त्या एकाच कंपनीपुरती राहत नाही. कॉलेज संपल्यावर मित्रांबरोबर काढलेली, सहा महिन्यांत बंद पडलेली आणि सगळे विसरून गेलेली कंपनी त्याच मुलाची वडिलांच्या चांगल्या चाललेल्या कंपनीतली खुर्ची घालवू शकते. २०१७ मध्ये हे देशाने पाहिले. केंद्र सरकारने सुमारे सव्वादोन लाख कंपन्यांची नावे निबंधकांच्या यादीतून काढली, तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले आणि नावे काढलेल्या कंपन्यांच्या खात्यांवरील व्यवहार रोखायला बँकांना सांगितले. त्यांत काळा पैसा फिरवणाऱ्या बनावट कंपन्या होत्या, तशाच निव्वळ हलगर्जीपणाने मागे पडलेल्याही होत्या. यादी करणाऱ्या संगणकाला हेतू दिसत नाही. त्याला न भरलेले अर्ज दिसतात.

हे सगळे सांभाळण्यासाठीच कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस, हा व्यवसाय आहे. १९८० च्या कायद्याने त्याला स्वतंत्र संस्था, परीक्षा आणि शिस्तीचे नियम मिळाले. पूर्ण वेळ सेक्रेटरी नेमण्याची सक्ती मात्र सूचिबद्ध आणि मोठ्या कंपन्यांवरच आहे. प्रायव्हेट कंपनीला ती १० कोटी रुपये वसूल भांडवल झाल्यावर लागू होते. त्याखालच्या जवळजवळ सर्व कंपन्या स्वतःचे कार्यालय चालवणाऱ्या सीएस किंवा सीएकडे हे काम सोपवतात. जगाने याबाबत वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. सिंगापूरमध्ये प्रत्येक कंपनीला सहा महिन्यांत तिथेच राहणारा सेक्रेटरी नेमावाच लागतो, आणि एकटाच संचालक असेल तर त्याला स्वतः ते पद घेता येत नाही. ब्रिटनने उलट एप्रिल २००८ पासून प्रायव्हेट कंपन्यांची ही सक्ती काढून टाकली. तिथे नोंदणी इतकी सोपी आणि पडताळणी इतकी ढिली झाली, की लोकांच्या घरांचे पत्ते त्यांना न विचारता वापरून कंपन्या उभ्या राहिल्या, आणि अखेर २०२३ मध्ये नवा कायदा करून संचालकांची ओळख तपासण्याची व्यवस्था आणावी लागली. भारताने मधला रस्ता घेतला आहे: छोट्या कंपनीला सेक्रेटरी सक्तीचा नाही, पण तिचे बहुतेक महत्त्वाचे अर्ज व्यावसायिकाने प्रमाणित केल्याशिवाय स्वीकारले जात नाहीत. म्हणजे सेक्रेटरी बाहेरून घेणे ही पळवाट ठरत नाही. कायद्यालाच ती रचना मान्य आहे. दहाबारा माणसांच्या कारखान्याला पूर्ण वेळ सीएस परवडणार नाही, आणि वर्षात चार-पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी तो नेमण्यात अर्थही नाही.

अडचण सोपवण्याच्या रीतीत आहे, आणि तिचे सर्वात ठळक रूप म्हणजे डिजिटल सहीचे टोकन. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे ते यंत्र आणि त्याचा पिन मिळून संचालकाची सही होते; माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ती शाईच्या सहीइतकीच बंधनकारक आहे. तरीही असंख्य छोट्या कंपन्यांच्या संचालकांनी आपले टोकन कधी हातात घेतलेलेही नसते. कंपनी काढताना सल्लागाराने ते मागवले, त्याच्याच पत्त्यावर आले, पिन त्याच्याच माणसाने ठरवला, आणि टोकन नावाची चिठ्ठी लावून त्याच्या खणात गेले. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून कोणाच्या ताब्यात देऊ नयेत, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळते. टोकन देणे म्हणजे अशा कोऱ्या सह्यांचा गठ्ठाच देणे. त्या सहीने ताळेबंद मंजूर होतो, शेअरवाटप होते, संचालक येतो आणि जातो, कंपनीच्या मालमत्तेवर बोजा चढतो. सल्लागार प्रामाणिक असला तरी त्याच्या कार्यालयातला प्रत्येक जण, आणि त्याच्यानंतर ते कार्यालय चालवणारा माणूसही प्रामाणिक असेल, याची हमी कोण देणार? आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी जी सही आपण केलीच नाही, त्या कागदात काय लिहिले आहे हे आपल्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

दुसरे रूप इतिवृत्ताचे. वर्षभर संचालक एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर असतात, म्हणून बैठक कोणी घेत नाही. सप्टेंबर आला की सल्लागाराच्या संगणकावर वर्षभराच्या बैठका एका संध्याकाळी तयार होतात, मागच्या तारखा पडतात आणि कागद सहीसाठी येतात. भावाभावांचे पटते तोवर हे चालून जाते. वाटण्यांची वेळ आली, की याच कागदांवर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे भांडण उभे राहते. धाकट्या भावाच्या शेअरचे प्रमाण कोणत्या बैठकीत घटले, वहिनी संचालक कधी झाल्या, कारखान्याची जागा कंपनीची की थोरल्याची? कायद्याने नीट ठेवलेले इतिवृत्त हा बैठकीत काय घडले याचा पुरावा मानला जातो. न झालेल्या बैठकीचे इतिवृत्त हा खोटा पुरावा आहे, आणि तो कोणाच्या बाजूने उलटेल हे आधी सांगता येत नाही. घरच्या कंपनीत औपचारिकता कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की औपचारिकतेची सर्वात जास्त गरज घरच्या कंपनीलाच असते. कारण परक्याशी आपण करार लिहून करतो, घरच्यांशी करत नाही. छोट्या कंपनीला कायद्याने वर्षात दोनच बैठका सांगितल्या आहेत, कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक, आणि दोन्हींत किमान ९० दिवसांचे अंतर. तेवढ्या तरी खऱ्या घ्याव्यात.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा: आम्ही फी देतो ती कशासाठी? चूक झाली तर सीएसला पकडा. कायदा काय म्हणतो ते पाहू. कलम १६६ मध्ये संचालकाची कर्तव्ये सांगताना स्पष्ट लिहिले आहे, की संचालकाला आपले पद दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, आणि केलेच तर ते रद्दबातल. नियमभंगाला जबाबदार अधिकारी कोण, याची व्याख्याही तितकीच रोखठोक आहे: पूर्ण वेळ संचालक किंवा कंपनीचे नेमलेले प्रमुख अधिकारी नसतील आणि मंडळाने कोणा संचालकाला त्याच्या लेखी संमतीने ही जबाबदारी दिलेली नसेल, तर सर्वच संचालक जबाबदार. म्हणजे केवळ दोनचा आकडा पुरा करायला नाव दिलेली पत्नी किंवा आईसुद्धा. बाहेरचा सीएस सुटतो असे नव्हे. त्याने प्रमाणित केलेली माहिती खोटी निघाली तर कलम ४४८ आणि त्यामागून फसवणुकीचे कलम ४४७ त्याला लागते, त्याची संस्था शिस्तभंगाची कारवाई करते, आणि २०१९ पासून त्याच्या प्रत्येक प्रमाणपत्राला वेगळा ओळख क्रमांक असल्यामुळे नाकबूल होण्याची सोय राहिलेली नाही. पण त्याची जबाबदारी त्याने लिहिलेल्याच्या खरेपणाची आहे. ज्या गोष्टी त्याला कोणी सांगितल्याच नाहीत, त्यांचा अर्ज त्याने कसा भरावा? संचालकाने कंपनीच्या खात्यातून उसने पैसे घेतले, कार्यालय दुसऱ्या गल्लीत हलवले, मेहुण्याला दहा टक्के शेअर तोंडी देऊन टाकले. वर्षाने ताळेबंद करताना ते उघड होते, तेव्हा मुदत कधीच टळलेली असते.

या व्यवसायाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पहिल्या वर्षाचे सगळे पालन कवडीमोलाने करून देण्याच्या जाहिरातींनी बाजार भरला आहे. त्या किमतीत एक अभ्यासू सीएस तुमची कागदपत्रे वाचू शकत नाही, तो फक्त रकाने भरू शकतो. जिथे ग्राहक किमतीवरच निवड करतो, तिथे वाचणारा सीएस मागे पडतो आणि रकाने भरणारा उरतो. कमी पैशात ‘टेन्शन’ दुसऱ्याकडे देण्याची आपली इच्छाच या बाजाराला असा आकार देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा कायदा मोठ्या उद्योगांच्या घोटाळ्यांच्या सावलीत लिहिला गेला, त्याचे ओझे इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याने का वाहायचे? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सरकारने ते अंशतः मान्यही केले आहे. छोट्या कंपनीला कमी बैठका, विवरणाचा सुटसुटीत नमुना, रोख प्रवाहाच्या पत्रकातून सूट आणि अनेक चुकांवर निम्म्याहून अधिक नाही इतका दंड मिळतो. २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी बऱ्याच तांत्रिक चुका फौजदारी गुन्ह्यांच्या यादीतून काढून दंडापुरत्या ठेवल्या. तरी रोजच्या १०० रुपयांचा नियम मला अन्यायाचा वाटतो. मोठ्या उद्योगसमूहालाही १०० आणि पापड बनवणाऱ्या कंपनीलाही १००, आणि दोघांनाही मर्यादा नाही. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हिच्यावरही पूर्वी असाच रोजचा १०० रुपयांचा नियम होता. एप्रिल २०२२ पासून तो बदलून नेहमीच्या फीच्या पटीत, आणि छोट्या एलएलपीला कमी पटीत, अशी रचना झाली. जे एलएलपीला करता आले ते छोट्या कंपनीला का करता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर नाही. हा नियम बदलला पाहिजे. पण नियम जाचक आहे म्हणून तो पाळायचाच नाही, याने फक्त मीटर वाढते.

या आक्षेपाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: कंपनीच कशाला काढली? निविदेत अट आहे, गुंतवणूकदार शेअर मागतो, भागीदार अनेक आहेत, ही खरी कारणे. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिले की भारदस्त वाटते, हे खरे कारण नव्हे. मर्यादित दायित्वाची ढालही समजतात तितकी जाड नसते. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी सहसा घेतेच. कंपनीकडून वसूल न झालेला आयकर किंवा जीएसटी संचालकाने स्वतःच्या चुकीने तसे झाले नाही हे दाखवले नाही तर त्याच्याकडून वसूल करता येतो. धनादेश वटला नाही तर कामकाज पाहणारा संचालक आरोपी होतो. दोन मित्रांच्या सल्ला-व्यवसायाला एलएलपी पुष्कळदा पुरते. तिच्यात उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्याशिवाय या कायद्याखाली लेखापरीक्षणही लागत नाही. एकट्याच्या दुकानाला दुकानच बरे.

ज्यांना असा पर्याय सहसा सुचवलाही जात नाही, त्यांची काळजी मला सर्वात जास्त वाटते, आणि ते म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे प्रकरण आले; सहकाराचा आत्मा आणि कंपनीची शिस्त असे ते मिश्रण. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सने या चौकटीतून किती उंच इमारत उभी राहू शकते ते दाखवले. फेब्रुवारी २०२० मध्ये देशात १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्राची योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात गावोगावी कंपन्या नोंदल्या गेल्या. प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत, आणि ती उभी करून देणारी संस्था सोबतीला. सीएसची फी त्याच मदतीतून जाते. तीन वर्षे संपली, की ही मदत थांबते, पाच वर्षांनी सोबतीची संस्थाही पुढच्या गावी जाते, आणि पाच शेतकरी संचालक एका पोर्टलसमोर उभे राहतात, ज्याचा पासवर्ड त्यांना कोणी दिलेला नसतो.

इथे सहकाराची सवय आड येते. गावाला विकास सोसायटी ठाऊक आहे. तिचा गटसचिव ओळखीचा, सहायक निबंधकाचे कार्यालय तालुक्याला, लेखापरीक्षक स्वतः येऊन दप्तर मागतो, नोटीस आली तर ती सोसायटीच्या फळ्यावर लागते. चूक झाली तर कोणीतरी येऊन ओरडते. कंपनीत कोणी येत नाही. निबंधक दूरच्या शहरात, त्याची नोटीस सल्लागाराच्या ई-मेलवर, आणि उशिराची फी कोणाला न सांगता रोज चढत राहते. नियम तर साध्या प्रायव्हेट कंपनीपेक्षा अधिक काटेकोर आहेत: पहिली सर्वसाधारण सभा नोंदणीपासून ९० दिवसांत, संचालकांची बैठक दर तीन महिन्यांत, सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. ४०० सभासदांच्या कंपनीला सभेत १०० शेतकरी प्रत्यक्ष हजर लागतात; ते कागदावर बसवून चालत नाही. अशी कंपनी यादीतून काढली गेली, तर नुकसान फक्त पाच संचालकांचे होत नाही. हजार-दोन हजार रुपयांचे शेअर घेतलेले शेकडो शेतकरी, गोदाम, प्रतवारीचे यंत्र, बँकेतली शिल्लक, सगळेच अडकते. नाव पुन्हा यादीत आणता येते, पण त्यासाठी न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, आणि त्या खर्चाला कोणती योजना नाही. या कंपन्यांना बाहेरचा सीएस लागणारच. पण त्याच्या करारात गावातल्याच एका बारावी शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हे वेळापत्रक, पोर्टल आणि इतिवृत्त शिकवण्याचे काम लिहिलेले असावे. १८ लाखांतले काही हजार रुपये याहून चांगल्या कामी लागू शकत नाहीत.

चांगला सीएस ओळखावा कसा? तो पहिल्याच भेटीत लेखी करारपत्र देतो आणि त्यात आपण काय करणार नाही हेही लिहितो. टोकन संचालकाकडे ठेवायला सांगतो आणि सहीच्या दिवशी मागवतो. प्रत्येक दाखल अर्जाची प्रत आणि चलन पाठवतो. वर्षाच्या सुरुवातीला तारखांचे पान देतो आणि विचारतो, की या तीन महिन्यांत काय बदलले. बंद पडलेली कंपनी तशीच ठेवू नका, असेही तोच सांगतो. कारण मार्ग आहेत. काही काळ धंदा थांबणार असेल तर कलम ४५५ खाली ‘सुप्त कंपनी’ म्हणून नोंद करता येते. कायमचे थांबायचे असेल, तर १० हजार रुपये फी भरून नाव काढून घेता येते, आणि मे २०२३ पासून त्यासाठी मानेसरला स्वतंत्र केंद्र सुरू झाले आहे. मेलेली कंपनी वर्षानुवर्षे नावावर ठेवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

तुम्ही कोणत्याही कंपनीत संचालक असाल, मुलाच्या, नवऱ्याच्या, मित्राच्या किंवा गावाच्या, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव घालून पाहा. शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल आहे, ते तिथे दिसते. ती तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तिसरे वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नका. आजच सल्लागाराला फोन करा, आणि फोन ठेवण्याआधी आपले टोकन परत मागून घ्या.